नानांचं बोलावणं

नानांच्या घरी दारामागच्या खुंटीला एक खाकी कापडी पिशवी टांगलेली असे. आत सुतळीचे दोन गुंडे, कोयती, कापूस, कापराची डबी, कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा, विजेरी, थोडी सुट्टी नाणी, दोन बॉलपेनं, फोन नंबरांची डायरी आणि एक शंभर पानी वही. नानांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्या पिशवीचं वावडं नव्हतं; फक्त ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलेली त्यांना खपत नसे. आमच्या गल्लीत कोणाकडे माणूस गेलं की नाना ती पिशवी खांद्याला लावून निघत. बरेचदा निरोप पोहोचायच्या आधीच ते दारात उभे असत. दिव्यांवरून त्यांना कळायचं म्हणे. पहाटे तीनला ज्या घरातले सगळे दिवे लागलेत आणि खिडकीत कोणीच नाही, तिथे एक तर पाहुणे यायचेत नाहीतर कोणी गेलंय.

मी डोंबिवलीत राहायला आलो १९९८ साली. नोकरी फोर्टातल्या एका बँकेत. सकाळी सातच्या सुमाराला घर सोडायचं, रात्री साडेआठ-नऊला परत. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्यासारख्या हजारोंचा खरा शेजार लोकलच्या डब्यात असतो. दसऱ्याला आम्ही डब्याला झेंडूचे हार बांधायचो, पेढे वाटायचो. कोणाची मुलगी दहावीला, कोणाच्या आईला मधुमेह, सगळं एकमेकांना ठाऊक. आणि माझ्या समोरच्या दाराआड राहणाऱ्या माणसाचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला मात्र मी दरवर्षी फेटा बांधून फडके रोडला जात असे. डोंबिवलीकराला त्या यात्रेचा अभिमान असतो, मलाही होता. ‘समाजात मिसळणं’ म्हणजे काय असं त्या काळात कोणी विचारलं असतं, तर मी त्या फेट्याकडे बोट दाखवलं असतं.

माझे वडील २००४ च्या जुलैत गेले. घरीच, झोपेत, मध्यरात्र उलटल्यावर. बाहेर धो-धो पाऊस. आमचे डॉक्टर येऊन पाहून गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, बायको नातेवाइकांचे नंबर शोधत होती आणि मी खोलीच्या मधोमध नुसता उभा होतो. दाराशी छत्री मिटल्याचा आवाज आला. शेजारच्या इमारतीतले ते गृहस्थ. त्यांच्याशी माझं तोवरचं बोलणं एवढंच, की टँकर आला की पाइप कुठून घ्यायचा.

नानांनी चपला बाहेर काढल्या, आईला नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, “डोळे द्यायची इच्छा होती का त्यांची?”

मला माहीत नव्हतं. आईला होतं. ती म्हणाली, “हो, म्हणायचे.” त्यासरशी नानांनी पंखा बंद केला, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले, डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली आणि नेत्रपेढीला फोन लावला. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे घेतले तर उपयोग होतो. पंख्याच्या वाऱ्याने ते कोरडे पडतात. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच जाणवलं, की खोलीत कोणीतरी आहे ज्याला पुढचं पाऊल ठाऊक आहे. मग त्यांनी कापडाच्या पट्टीने हनुवटी बांधली, हातपाय सरळ केले, पायांचे अंगठे एकत्र बांधले. काही तासांत शरीर ताठरतं. मग यातलं काहीच करता येत नाही. बोटातली अंगठी साबणाच्या पाण्याने सोडवून आईच्या हातात दिली. हे सगळं करताना ते वडिलांशी बोलत होते, “काका, जरा हात इकडे घेतो हं.”

नेत्रपेढीची माणसं उजाडायच्या आत येऊन गेली. तोवर नानांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं होतं. तीन प्रश्न. कोणाची वाट बघायची आहे? दाखला कोणते डॉक्टर देणार? अग्नी कोण देणार? घरी आलेल्या मृत्यूला डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय स्मशानात नोंद होत नाही. आणि तिथली पावती पालिकेकडे गेली की मृत्यूचा दाखला निघतो. एकवीस दिवसांच्या आत नोंद झाली तर बरं, पुढे विलंबाच्या भानगडी सुरू होतात. माझ्या हातात पेन देऊन ते म्हणाले, “वडिलांचं नाव रेशन कार्डावर, पासबुकावर, पेन्शनच्या कागदावर कसं आहे ते बघा आणि तस्संच लिहा. आत्ता एक अक्षर चुकलं तर वर्षभर खेटे घालाल.” मी बँकेतला माणूस. वारसांच्या नावातल्या एका वेलांटीवरून आमच्या काउंटरवर परत पाठवलेली माणसं मी रोज बघत होतो. तरी त्या रात्री हे मला शेजाऱ्याने सांगावं लागलं.

सकाळी ओले बांबू आले. वाळलेला बांबू नानांना चालत नसे, तो ऐन वेळी तडकतो. तिरडी त्यांनी खाली, पार्किंगच्या पत्र्याखाली बांधली. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, वर पेंढा. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या वळणावर तिरडी वळत नाही. म्हणून वडिलांना जाड चादरीच्या झोळीतून खाली आणलं. ती झोळी धरायला जे लोक आले होते त्यांना मी तोवर त्यांच्या स्कूटरींवरून ओळखत होतो. स्मशानात लाकडं ओली होती. नानांनी तिथल्या माणसाला नावाने हाक मारून आतल्या थप्पीतली घ्यायला लावली, गवऱ्या वाढवल्या, आणि परतताना त्याला चहाचे पैसे दिले. ते पैसे वहीत लिहिले.

घरी आलो तर काकूंकडून पिठलं-भात आला होता. पुढचे तीन दिवस आमच्याकडे चूल पेटली नाही. काकूंनी इमारतीतल्या बायकांच्या पाळ्या लावल्या होत्या. नाहीतर काय होतं, त्या म्हणायच्या, पहिल्या दिवशी पाच घरांतून पाच पातेली खिचडी येते आणि तिसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. माझ्या मते या सगळ्या कामातली अर्धी अक्कल काकूंची होती. नानांचं नाव झालं, कारण ते रस्त्यावर दिसत.

तेरावा झाल्यावर मी एक पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेलो. नानांनी वही काढली. बांबू, मडकं, कापड, सुतळी, गवऱ्या, फुलं, चहाचे पैसे. बेरीज तीनशे बावीस. पाकिटातून तेवढे मोजून घेतले, उरलेले परत दिले आणि वहीत माझी सही घेतली. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. “बसा, चहा घ्या,” एवढंच ते म्हणाले.

गोष्ट इथेच संपली असती. आपल्याकडे अशा वेळी माणसं धावून येतात, आपण हात जोडतो, दिवाळीला फराळाचं ताट पाठवतो आणि पुन्हा सातची लोकल पकडतो. पण दोनेक महिन्यांनी एका रात्री घरचा फोन वाजला.

“बँकवाले, जागे आहात ना? पलीकडच्या चाळीतली आजी गेली. तिघं आहेत, चौथा उंचीला बसत नाहीये. तुम्ही बरोबर बसता.”

माझी निवड उंचीवरून झाली होती. एक खांदा वर, एक खाली झाला की तिरडी कलते आणि सगळा भार ठेंगण्यावर येतो. म्हणून पुढचे दोघे आणि मागचे दोघे जोडीजोडीने सारखे लागतात. मी ती आजी कधी पाहिली नव्हती. शर्ट चढवला आणि गेलो.

नानांनी माझ्या वडिलांसाठी जे केलं त्याची परतफेड मी कधी ना कधी करू शकलो असतो असं मला अजून वाटतं. त्यांच्या घरचं एखादं काम, दवाखान्यातली एखादी रात्र, काहीतरी सापडलं असतंच. फिटण्यासारखं नाही ते दुसरंच. त्यांनी मला बोलावलं. सहा वर्षं त्या गल्लीत राहूनही मला कोणी काही मागितलं नव्हतं. मागावं असं कोणाला वाटलंच नव्हतं, आणि त्यात कोणाचा दोष नव्हता. बँकवाला सकाळी जातो, रात्री येतो. नानांना माझ्यात एक मोकळा खांदा दिसला. उपकार करणारी माणसं मला पुष्कळ भेटली. आपल्यावर उपकार झालेल्या माणसाकडे निःसंकोच काम मागणारा माणूस विरळा. त्या मागण्याने मी तिथला झालो, रेशन कार्डाने झालो नव्हतो.

हे काम नानांकडे कुठून आलं ते मला हळूहळू कळलं. त्यांचा जन्म परळचा, वडील गिरणीत साचेवाले. मूळ गाव संगमेश्वराकडचं. त्या वेळी गिरणगावात गाववाल्यांच्या खोल्या असत. एका गावचे वीस-पंचवीस पुरुष एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, बायकामुलं कोकणात. अशा खोलीत कोणी मेलं तर रडायला घरचं माणूस जवळ नसे. म्हणून प्रत्येक गावाचं मंडळ असे, महिन्याची वर्गणी असे आणि त्या वर्गणीतून पहिला खर्च हा असे. एकजण तार करायला पोस्टात, एकजण सामानाला, एकजण गिरणीत हजेरी चुकल्याचं सांगायला. तार आली की गावाकडची बाई पाकीट न उघडताच हंबरडा फोडायची, असं नाना सांगत. दहा-बारा वर्षांचे असल्यापासून ते सुतळी धरायला जात.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ जण परत गिरणीत गेलेच नाहीत. कोणी गावी गेले, कोणी खोल्या विकून विरार, कल्याण, डोंबिवलीकडे सरकले. नाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लागले. संपाबद्दल, गिरण्यांच्या जमिनींबद्दल, तिथे उभ्या राहिलेल्या मॉलबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. चाळ सुटली तेव्हा असल्या कामांचं शहाणपणही विखुरलं, त्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. चाळीत ते सगळ्यांना थोडंथोडं येत असे, कारण सगळे बघत असत. फ्लॅटचं दार बंद झालं आणि एका गल्लीत एखाद्याच नानांकडे ते उरलं.

मात्र चाळीबद्दल गळा काढणाऱ्यांतले नाना नव्हते. एकदा स्मशानाच्या कट्ट्यावर बसलो असताना म्हणाले, “आमच्या मंडळात आमच्या वाडीचेच खांदेकरी. दुसऱ्या वाडीचा मेला तर त्याचं मंडळ बघेल. जात विचारावी लागायची नाही, वाडी सांगितली की कळायची.” महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत आजही जातीजातींची स्मशानं वेगळी आहेत; मेल्यावरही कोणी कोणाच्या चौथऱ्यावर जळायचं नाही. डोंबिवलीत आडनावांची भेसळ झाली आणि नानांना ती मनापासून आवडली. एका घरी गावाहून आलेल्या काकांनी खांदेकऱ्यांची आडनावं विचारायला सुरुवात केली. नाना शांतपणे म्हणाले, “तुमचे चौघे पुढे करा, आम्ही बाजूला होतो.” काकांकडे दोनच होते, त्यांतल्या एकाला मणक्याचा त्रास.

असाच एक प्रसंग मुलीने अग्नी देण्यावरून झाला. वडील गेलेले, एकुलती एक मुलगी, तिची इच्छा. चुलते अडून बसले. नानांनी स्वतः वाद घातला नाही. त्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहत, त्यांना त्यांनी हाक मारली. बाईंनी चुलत्यांना समोर बसवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, की १८९० साली जोतीराव फुले गेले तेव्हा टिटवं, म्हणजे अग्नीचं मडकं, कोणी धरायचं यावरून तंटा झाला आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेऊन अंत्ययात्रेपुढे चालायला सुरुवात केली. “शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला. तुम्ही कधीची गोष्ट करताय?” चुलते गप्प बसले, पटलं असं नाही, पण बाईंनी कधीकाळी त्यांच्या मुलाला शिकवलं होतं. त्यानंतर गल्लीतल्या बायका स्मशानात येऊ लागल्या. सगळ्या नाहीत. काकू मात्र कधी आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, घरी परत येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला आणि चहा टाकायला कोणीतरी डोकं ठिकाणावर असलेलं लागतं.

रस्त्यापलीकडे एका शिंप्याचं दुकान होतं. त्याचे वडील वारले तेव्हा नाना मला घेऊन गेले. जनाज्यात खांदा देणारे दर काही पावलांना बदलतात. मागचा पुढे येतो, पुढचा सोडतो, आलेल्या प्रत्येकाला थोडा वेळ तरी मिळावा म्हणून. आम्हा दोघांनाही कोणीतरी हाताने पुढे सरकवलं. परत येताना नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बघितलंस? इथे चौघं शोधायला लागत नाहीत. खांदेच जास्त होतात.” तोवर मी ‘अहो बँकवाले’चा ‘अरे बँकवाल्या’ झालो होतो.

मला तिरडी नीट बांधता येत नाही. गाठ सैल राहते. नानांनी दोनतीनदा बघितलं आणि सुतळी माझ्या हातातून काढून घेतली. त्याऐवजी त्यांनी मला तेराव्यानंतरचं खातं दिलं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी घरातली बाई एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी पासबुकं, पावत्या, विम्याचे कागद भरून बसलेली असते आणि कोणत्या टेबलाशी आधी जायचं ते तिला माहीत नसतं. रविवारी सकाळी मी नानांच्या घरी बसू लागलो. जी काही कागदपत्रं येतील ती लावून द्यायची. खातं दोघांच्या नावावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असं असेल तर सोपं. नॉमिनी लावलेला असेल तर त्याहून थोडं जास्त काम. एकट्याचं खातं आणि नॉमिनी नाही, तर मग वारसांची संमतिपत्रं, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र; रक्कम मोठी असेल तर कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र.

सर्वांत जास्त भांडणं एका गैरसमजातून होत. नॉमिनी म्हणजे मालक, असं निम्म्या लोकांना वाटतं. बँकेच्या लेखी नॉमिनी पैसे ताब्यात घेणारा; ते पुढे कायदेशीर वारसांना पोहोचवणं त्याचं काम. एका घरात धाकट्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून होतं आणि तो ते पैसे आपलेच समजून चालला होता. त्याला हे समजावताना माझा रविवार गेला, पण वहिनीचे पैसे वाचले. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनीपर्यंत लावता येतात. नियम चांगला आहे. आता चौघांना समजवावं लागेल.

या रविवारांनी मला गल्ली दाखवली. कोण भाड्याने राहतं, कोणाचा मुलगा परदेशातून फोन करत नाही, कोणत्या म्हातारीकडे औषधाला पैसे नसतात, कोणत्या घरात दोन भाऊ एका छताखाली राहून बोलत नाहीत. यातलं काही बाहेर बोलायचं नाही, ही नानांची एकमेव अट. पुढे मी सोसायटीचा सचिव झालो, पाण्याच्या वेळांसाठी पालिकेत खेपा घातल्या, रक्तदान शिबिरं झाली. लोक मला सामाजिक कार्यकर्ता म्हणू लागले. खरं तर मी पासबुकं लावणारा माणूस होतो. बाकीचं त्या ओळखीतून आपोआप चिकटत गेलं.

करोनाचा काळ मी इथे थोडक्यातच सांगणार आहे, कारण तो सगळ्यांनी पाहिला आहे. २०२१ चा एप्रिल. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, आणि प्रत्यक्षात तेवढेही नसत. घरचे विलगीकरणात, शव पिशवीत बंद. नाना पंच्याहत्तरीच्या घरात, काकूंनी दाराला आतून कुलूप घातलेलं. त्यांनी पिशवी माझ्याकडे पाठवून दिली आणि स्वतः दोन फोन घेऊन खिडकीशी बसले. कोणत्या दवाखान्यातून कोणता कागद आणायचा, नाव तपासून घ्या, पावती कोणाकडे आहे, हेच दिवसभर. खांदा द्यायचा प्रश्नच नव्हता. ते काम पालिकेची पोरं करत होती, घामाने भिजलेल्या प्लॅस्टिकच्या कपड्यांत. नानांनी त्यांची नावं एकेकाला विचारून वहीत लिहिली. लाट ओसरल्यावर आम्ही त्या यादीप्रमाणे घरोघरी तांदूळ, डाळ, तेल पोहोचवलं. एकाची बायको आधी दार उघडेना. तिला वाटलं, वसुलीला आलेत.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या दोन्ही इमारतींचा पुनर्विकास ठरला. बिल्डरने नकाशे मांडले. लोकांचं लक्ष चटईक्षेत्राकडे, मॉड्युलर किचनकडे, पार्किंगकडे. नाना आमच्या सभेला खास बोलावल्यासारखे आले आणि शेवटी उठून त्यांनी एकच विचारलं, “लिफ्टची खोली किती?” बिल्डरच्या माणसाने आकडा सांगितला. नाना म्हणाले, “यात स्ट्रेचर आडवं बसत नाही. माणूस खुर्चीत बांधून खाली आणावा लागेल.” सभेत चुळबुळ झाली. कोणीतरी म्हणालं, नाना, नव्या घराच्या गोष्टी चालल्यात, अशुभ कशाला? “अशुभ काय त्यात? कळा सुरू झालेली बाई पण त्याच लिफ्टने जाणार आहे. पाय मोडलेला पोरगा पण.” बिल्डरच्या माणसाने वहीत काहीतरी टिपून घेतलं. पुढच्या नकाशात दोनपैकी एक लिफ्ट मोठी झाली होती. स्वयंपाकघर त्यासाठी थोडं आक्रसलं, म्हणून काही जण अजून नानांच्या नावाने बोटं मोडतात.

ती इमारत उभी राहिलेली नानांनी पाहिली नाही. २०२२ च्या शेवटी, भाड्याच्या घरात असतानाच, ते गेले. देहदानाचा अर्ज त्यांनी आधीच भरून ठेवला होता. मला सांगितलं नव्हतं. काकूंना माहीत होतं. अर्ज भरला म्हणजे झालं असं नसतं, त्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं, आणि गावाहून आलेले त्यांचे भाऊ तयार होईनात. अग्नीशिवाय मुक्ती कशी, हा त्यांचा प्रश्न. काकू म्हणाल्या, “शेकडो लोकांना अग्नी दिलाय त्यांनी. त्यांच्या वाटणीचा पुरे झाला.” डोळे आधी गेले. दुपारी वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली. गल्लीतली माणसं एवढी जमली होती की गाडीला वळता येईना. प्रत्येकजण खांदा द्यायच्या तयारीने आलेला, कितीतरी जण माझ्यासारखेच, एके काळी रात्री फोन आलेले. आणि काम काहीच नव्हतं. दोन कर्मचाऱ्यांनी स्ट्रेचर उचललं, दार लावलं, सही घेतली. मला त्या वेळी नानांचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी. मी पासबुकं काढून लावू लागलो आणि थांबलो. बचत खातं एकट्याच्या नावावर. नॉमिनीचा रकाना कोरा. मुदत ठेवीच्या दोन पावत्या, त्याही तशाच. अख्ख्या गल्लीच्या मागे लागून नॉमिनी लावून घेणारा माणूस. आधार कार्डावर नावात ‘राव’, पासबुकावर नाही.

“काकू, हे काय?”

काकूंनी चष्मा लावून पावती पाहिली, परत ठेवली. “मी म्हटलं होतं दोनदा. म्हणाले, बँकवाला आहे ना.”

पुढचे काही महिने ते काम चाललं. पुण्याच्या मुलाची संमती, नाशिकच्या मुलीची संमती, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, दोन जामीनदार, नावातल्या फरकाचा वेगळा कागद. शाखेतल्या काउंटरवरच्या मुलीने एकदा अर्ज परत केला, कारण काकूंची सही आधीच्या सहीशी जुळत नव्हती. काकूंनी तिथेच उभं राहून जुळेपर्यंत सह्या केल्या. पैसे काकूंच्या खात्यात जमा झाले त्या दिवशी आम्ही दोघं बँकेतून रिक्षाने परत आलो. उतरताना मी खिशात हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं, कनवटीचं छोटं पाकीट काढलं आणि जाण्याचे-येण्याचे असे दोन्ही वेळचे पैसे रिक्षावाल्यासमोर माझ्या हातावर मोजून ठेवले.